आबांचा पेसमेकर आणि ‘दोन आठवडे’

२५ ऑक्टोबरला आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पेसमेकर (हृदयाचे ठोके चालवणारं यंत्र) बसवल्यानंतरची तीन महिन्यांची तपासणी झाली. त्याच दिवशी दवाखान्याची फाइल लॉफ्टवर टाकायला घेतली आणि म्हटलं, आधी हे लिहून काढू. गेल्या दोन महिन्यांत चार ओळखीच्यांचे फोन आले, ‘तुमच्या आबांना बसवलं ते मशीन, काय काय लागलं गं?’ म्हणून. दर वेळी मी फोनवर अर्धं सांगते, अर्धं विसरते.

आधी एक सांगायला हवं. मी मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे केसपेपर वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक प्रोसिजरला ठरलेला कोड लावायचा, हे माझं काम. बेळगावात वडगावच्या घरी बसून रात्रपाळीत करते. गेली पाच वर्षं हृदयाच्याच फाइली आहेत. दोन वायरींचा पेसमेकर बसवला की ३३२०८, हा आकडा मला झोपेत विचारला तरी सांगेन. पण पेसमेकर हातात किती जड लागतो, तो बसवलेल्या माणसाला कूस कशी बदलावी लागते, यातलं काही म्हणता काही मला ठाऊक नव्हतं.

१५ जुलै २०२५, मंगळवार. खानापूरच्या पलीकडे आमचं गाव. रोप लावणीचे दिवस, पाऊस धो धो. दुपारी आबा बांधावरच बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. चुलतभावानं उचलून आणलं. मिनिटभरात शुद्धीवर आले आणि म्हणाले, ‘मला काय झालं नाही, खरं डोळ्यापुढं अंधारी आली.’ आईनं तेव्हा सांगितलं की पंधरा दिवसांत ही तिसरी अंधारी. दोनदा चहा पिऊन बसले होते म्हणे.

खानापुरातल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटाला ३४. लगेच ईसीजी काढला. चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या, ईसीजीची पट्टी तिला टाचली आणि म्हणाले, ‘इथं थांबू नका. बेळगाव. आत्ता.’ ती चिठ्ठी पावसात भिजली, दादानं ती गाडीच्या डॅशबोर्डवर वाळवली. पुढे दोन महिन्यांनी आमचा विम्याचा क्लेम याच चिठ्ठीनं वाचवला, म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

इथंच एक काम लगेच करा. ईसीजीची पट्टी उष्णतेनं छापणाऱ्या कागदावर असते. काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात, उन्हात ठेवली तर त्याआधीच. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा. दुसरं, पेशंटच्या चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ठोके मंदावतात, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या आबांची गोळी त्यातली नव्हती, पण ते ठरवायला पाकीट लागलं आणि ते घरी राहिलं होतं. आईनं फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं.

संध्याकाळी सात वाजता बेळगावच्या हॉस्पिटलात पोचलो. निदान झालं कंप्लीट हार्ट ब्लॉक. हा शब्द ऐकल्याबरोबर अख्ख्या भावकीत ‘आबांना ब्लॉकेज’ अशी बातमी पसरली. ‘किती टक्के?’, ‘स्टेंट किती घातले?’, ‘बायपास करणार काय?’ मी समजावून थकले. शेवटी समजावलं ते आमच्या वायरमन दादानं, आयसीयूच्या बाहेर, बाकड्यावर बसून: ‘मोटर चांगली हाय, पाइपबी मोकळं हाय. वरनं करंट येतोय, खरं मधली वायर तुटल्या. मग मोटर आपली आपण कशीबशी फिरायल्या.’ याहून बरोबर मला सांगता आलं नसतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही. खालचा कप्पा जीव वाचवायला स्वतःच्या मंद गतीनं, तीस-चाळीसच्या आसपास, चालत राहतो. रक्तवाहिनीतल्या अडथळ्याशी याचा संबंध असेलच असं नाही.

रात्री ठोके चालवायला मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तात्पुरती वायर घातली, तिला तिकडे टीपीआय म्हणतात. बाहेर पलंगाला एक डबी बांधलेली, तिच्यावर लाल दिवा लुकलुकतोय. पाय हलवायचा नाही. आबा रात्रभर ‘लघवीला उठतो’ म्हणत होते आणि सिस्टर रात्रभर ‘एनू आगल्ला अज्जा, मलग्री’ (काही होत नाही आजोबा, झोपा) म्हणत होत्या. आबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मी मराठी शाळेत शिकले तरी कन्नड विषय होता, त्यामुळे एकेक ओळ मराठीत सांगितली आणि मगच सही घेतली. ‘आता वेळ नाही, सही करा’ असं कुणी म्हणालं तरी दहा मिनिटं मागून घ्या. तेवढी मिळतात.

दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या: पेसमेकर कुठला, आणि पैसे कुठले.

पेसमेकरचं असं की एक वायर (फक्त खालच्या कप्प्यात) किंवा दोन वायरी (वर आणि खाली दोन्हीकडे). आबांचा वरचा कप्पा नीट चालतोय, म्हणून डॉक्टरांनी दोन वायरींचा सुचवला, म्हणजे वरचा आणि खालचा कप्पा एकमेकांशी जुळवून चालतील. वर आणखी एक प्रश्न: पुढे एमआरआय करता येईल असा घ्यायचा का? आम्ही घेतला. त्यात एक खाच आहे, एमआरआयसाठी पेसमेकरची डबी (छातीत बसते ती, बॅटरीची) आणि वायरी दोन्ही त्या दर्जाच्या असाव्या लागतात. नुसत्या डबीचे जादा पैसे मोजून उपयोग नाही. हे आपण होऊन कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. आमच्या पेसमेकरची वायरींसकट किंमत १,७२,००० लागली.

पैशाचं म्हणाल तर, कर्नाटकात आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. आमचं कार्ड एपीएल. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. खरं त्या सकाळी आयसीयूच्या दारात, त्यासाठी नेमका कुठला दाखला कुठून आणायचा हे पाहुण्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही. तुमचं गाव त्यात असेल तर हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेवा. आमच्याकडे आबांच्या नावाची आरोग्य विम्याची ५ लाखांची पॉलिसी होती, ९ ऑगस्ट २०२३ ला घेतलेली, २० टक्के आपल्या खिशातून भरायच्या अटीची. आम्ही तीच वापरायची ठरवली.

खोलीचं भाडं बघून घ्या. आमच्या पॉलिसीत रोजची मर्यादा ५,००० होती, आम्ही ४,२०० ची खोली घेतली. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेलं उपकरण मात्र या कापाकापीतून वगळलेलं आहे. कुणी पेसमेकरच्या किमतीलाच कात्री लावली तर भांडायला हरकत नाही.

कॅशलेसच्या, म्हणजे बिल थेट हॉस्पिटलला भरण्याच्या, विनंतीला विमा कंपनीनं एका तासात उत्तर द्यायचं, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. आम्हाला तासाभरात उत्तर आलंही, फक्त ते उत्तर म्हणजे एक प्रश्न होता. ‘त्रास दोन वर्षांपासून असल्याचे दिसते. पूर्वीचे कागद पाठवा.’

दोन वर्षं? मी काउंटरवर फॉर्म मागून घेतला. डॉक्टरांनी भरायच्या भागात निदान म्हणून लिहिलं होतं ‘रिकरंट सिंकोप’, म्हणजे वारंवार शुद्ध हरपणे. आणि त्याखाली, ‘चक्कर, २ वर्षे’. मंगळवारी रात्री घाईत लिहिलेल्या केसपेपरवर ‘२’ च्या पुढं एक इंग्रजी अक्षर होतं. ते आठवड्याचं होतं, वाचणाऱ्यानं वर्षाचं वाचलं.

आता हे दोन्ही किती महागात पडतं बघा. निदानाच्या जागी सिंकोप लिहिलं की त्याचा कोड होतो आर ५५. आर ने सुरू होणारे कोड लक्षणांचे. लक्षणावर कुणी पावणेदोन लाखांचं यंत्र बसवत नाही, त्याला कारण लागतं. कारण होतं कंप्लीट हार्ट ब्लॉक, कोड आय ४४.२. मूळ आजार सापडला की लक्षण त्याच्या पोटात जातं, वेगळं मिरवायचं नसतं. हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि ‘दोन वर्षं’ म्हणजे जुलै २०२३. पॉलिसी ऑगस्ट २०२३ ची. म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला, आणि आधीच्या आजाराला आमच्या पॉलिसीत तीन वर्षं थांबायचं होतं. एका अक्षरानं आबांचा आजार ९ ऑगस्टच्या अलीकडून पलीकडे गेला.

रोज रात्री मी अशाच फाइलींवर ‘कागदपत्रं अपुरी’ असा शेरा मारून त्या परत पाठवते. त्या फाइलीमागे कुणाची तरी आई बाकड्यावर बसलेली असते, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. असो.

डॉक्टर थिएटरमध्ये, निवासी डॉक्टरांची पाळी बदललेली. दुरुस्तीचं पत्र मिळायला १७ ची दुपार झाली. तोवर पेसमेकर बसलाही. डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडाच्या खालच्या अंगाला, फक्त जागा बधिर करून. सव्वा तास लागला. आबा आतून बाहेर आले ते विचारत, ‘लावणी झाली काय?’ मॉनिटरवर ७० दिसत होतं. मी बाहेर जाऊन रडले आणि परत येऊन खिचडीचं विचारलं.

१८ ला कंपनीचं उत्तर: कालावधी पडताळायचा आहे, तूर्त कॅशलेस नाही, बिल भरा आणि नंतर क्लेम करा. आईनं काही न बोलता पाटल्या काढून दिल्या. सोसायटीत सोनं ठेवून दोन लाख उचलले, शेकडा महिना एक रुपया व्याजानं. उरलेले भावानं आणि मी घातले. १९ जुलैला, शनिवारी, डिस्चार्ज. बिल २,९४,६००.

आणि डिस्चार्ज कार्डावर पुन्हा ‘रिकरंट सिंकोप’. दुरुस्तीचं पत्र फाइलीत, पण कार्ड टाइप करणाऱ्यानं मूळ केसपेपर बघून केलेलं. मला वाचायला पंधरा मिनिटं लागली आणि बदलून घ्यायला तीन तास. गाडी खाली उभी, आबा व्हीलचेअरवर कंटाळलेले, दादा म्हणतोय ‘जाऊ दे की, उद्या बघू’. मी हटले नाही. निदान बदलून घेतलं. पण त्या धांदलीत खालच्या परिच्छेदातलं ‘२ वर्षे’ माझ्याही नजरेतून सुटलं. हो, माझ्या. ज्या बाईला याच कामाचा पगार मिळतो तिच्या.

डिस्चार्ज घेताना पेसमेकरच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. डबीचा एक, दोन वायरींचे दोन, त्यांवर नंबर असतात. ते आणि पेसमेकरचं वेगळं बिल नसेल तर क्लेम पुढं सरकत नाही. शिवाय पेसमेकर कंपनीचं ओळखपत्र. आम्हाला आधी कच्चं मिळालं, पक्कं पुढे आलं.

घरी आल्यावरची गंमत वेगळीच. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, कारण आतल्या वायरी अजून रुजायच्या असतात. पण म्हणून हात पोटाशी बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो. आबांनी पहिले आठ दिवस हात बांधून ठेवला, नंतरचे आठ दिवस पागोटं दोन्ही हातांनी बांधायला निघाले. आईनं शेवटी पागोटंच लपवलं. जखम कोरडी ठेवायची. लाली, सूज, पाणी किंवा ताप आला तर घरगुती लेप न लावता सरळ दवाखाना गाठायचा. २९ जुलैला, नागपंचमीच्या दिवशी, जखम तपासली. चांगली होती.

मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको, पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब, आणि बोलायचं उजव्या कानाला लावून. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची भीती नको. वेल्डिंग चालू असेल तिथं उभं राहायचं नाही. खेड्यातल्या लोकांना मात्र आणखी एक सांगते, जे छापील कागदावर नव्हतं. आमच्याकडे रानडुकरं, गवे येतात म्हणून शेताला झटका कुंपण असतं. मी मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, त्या तारेला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणाला तरी बटण बंद करायला सांगायचं. आता ते बटण माझ्या पुतण्याकडे आहे आणि तो त्या अधिकारानं फार फुगलाय.

क्लेमची फाइल १ ऑगस्टला दिली. १८ ला प्रश्न आला. तोच, दोन वर्षांचा. या वेळी मी शांतपणे बसले. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात ५०० रुपये भरून पूर्ण इनडोअर केसपेपरची शिक्क्यानिशी प्रत मागितली. डॉक्टरांना भेटले. जुन्या कागदावर खाडाखोड करायची नाही, कुणी करू म्हटलं तरी. वेगळं पत्र, त्यावर तारीख, सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का. आणि सर्वांत वर खानापूरची ती चिठ्ठी जोडली. पाण्यानं निळी शाई फुटलेली, तरी डॉक्टरांचं वळणदार अक्षर स्वच्छ वाचता येत होतं: ‘अंधारी, तीनदा, दोन आठवडे. नाडी ३४.’ सोबत मी १५ तारखेलाच काढलेला ईसीजीचा फोटो. मूळ पट्टी तोवर राखाडी झाली होती.

हे सगळं २३ ऑगस्टला पाठवलं. चार दिवसांनी गणपती. आरतीला टाळ्या वाजवताना आबांचा डावा हात किती वर जातोय याच्याकडे सगळ्या घराचं लक्ष. मध्ये एकदा बँकेतलं आणि पॉलिसीवरचं नाव जुळत नाही म्हणून अडलं, एका अक्षराचा फरक. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून तेही दिलं. उत्तर आलं नसतं तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि महिनाभर वाट बघून विमा लोकपालांकडे जायचं ठरवलं होतं. आपल्यासाठी लोकपाल बेंगळुरूचे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा पत्ता घेऊन अर्ज करू नका.

१६ सप्टेंबरला खात्यात २,२६,४०० जमा झाले. हातमोजे, नोंदणी शुल्क असले ११,६०० कापले आणि उरलेल्याचा पाचवा हिस्सा, ५६,६००, अटीप्रमाणे आमचा. सोन्याचं व्याज ४,०००. पाटल्या दुसऱ्याच दिवशी सोडवल्या. आईनं त्या हातात न घालता डब्यात ठेवल्या. म्हणाली, ‘परत लागतील.’

तर आता २५ ऑक्टोबरची ती तपासणी. पेसमेकर कंपनीचा तंत्रज्ञ बॅगेतून लॅपटॉपसारखं यंत्र काढतो, त्याच्या वायरीला बांधलेली चकती छातीवर ठेवतो. सुई नाही, दुखणं नाही. त्यानं ठोक्याचा वेग थोडा वाढवून बघितला तेव्हा आबा मात्र दचकले: ‘आत कोण पळायलंय?’ खालचा कप्पा ९७ टक्के वेळा यंत्राच्या इशाऱ्यावर चालतोय. बॅटरी अंदाजे साडेनऊ वर्षं. ती संपत आली की डबी बदलायची, वायरी चांगल्या असतील तर त्याच राहतात. आबांनी बोटांवर हिशेब केला. ‘अठ्ठ्याहत्तर. मग परत कापायचं?’ मी त्यांना स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शरीरात पहिला पेसमेकर त्यांना बसवला, तो काही तासच चालला. पुढे आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर बदलले आणि ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले. ज्यांनी यंत्र बनवलं आणि ज्यांनी बसवलं, त्या दोघांच्याही मागं राहून.

‘शेतकरी होता काय?’

‘नाही, इंजिनिअर.’

‘हां. मग जमलं असंल.’

मग आबांनीच तंत्रज्ञाला विचारलं, मी गेल्यावर याचं काय? त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा की. तर दहन करायचं असेल तर आधी काढून घ्यावं लागतं, आगीत बॅटरीचा स्फोट होतो. घरातल्या निदान दोघांना हे माहीत पाहिजे. आबांनी मान डोलावली आणि वायरमन दादाला म्हणाले, ‘तू काढ रं, तुझं लायनीतलं काम हाय.’ दादा म्हणाला, ‘डॉक्टरला बोलवूया की आबा.’

त्या दिवशीच्या कागदावर तपासणीचा कोड येईल, झेड ४५ च्या घरातला. एरवी कुठल्याही दुखण्यासाठी कुठल्याही दवाखान्यात गेले तरी आबांच्या नावापुढं आता झेड ९५.० असेल: पेसमेकर असलेली व्यक्ती. दात काढायचा असो, ऑपरेशन असो, आधी सांगायचं. आपल्याकडे कोड कुणी विचारत नाही, म्हणून ओळखपत्र जवळ पाहिजे. मी त्याच्या तीन प्रती लॅमिनेट केल्या. एक घरी, एक माझ्याकडे. तिसरी पाकिटात ठेवा म्हटलं तर आबांकडे पाकीट नाही, ते आयुष्यात कधी वापरलं नाही. कात्रीनं कडा गोल करून घेतल्या आणि आता ते कार्ड चंचीत आहे, सुपारी आणि अडकित्त्याच्या मधल्या कप्प्यात. पुढची तारीख एप्रिलमधली.